मुलांच्या संधिवातासाठी अडॅलिमुमॅब: पेन घ्यावं की सिरिंज?

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं नेहमीचं औषध पुरेसं पडलं नाही की बऱ्याचदा अडॅलिमुमॅबच्या इंजेक्शनचं नाव पुढे येतं. औषधाच्या गुणाबद्दल शंका नको. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या 171 मुलांच्या चाचणीत, मेथोट्रेक्सेटच्या जोडीला हे चालू ठेवलेल्यांपैकी 37 टक्के मुलांचा आजार उसळला; याऐवजी प्लासिबो (औषध नसलेलं, दिसायला तसंच इंजेक्शन) दिलेल्यांत 65 टक्के. डोळ्यांच्या आतल्या सुजेवरही ते उपयोगी आहे.

खरा प्रश्न वापराचा. 15 ते 30 किलोच्या आतल्या मुलाला दर दोन आठवड्यांनी 20 मिलिग्रॅम, 30 किलोपासून 40. चाळीसचं पेन (आपोआप टोचणारं उपकरण) एका दमात सगळं सोडतं, अर्धं देता येत नाही. शिवाय खटका वाजला की मूल दचकतं, पेन लवकर उचललं जातं आणि औषध कातडीवरच सांडतं. लहानग्यांसाठी आमची पसंती भरलेल्या सिरिंजलाच: दट्ट्या हळू दाबता येतो.

सायट्रेट (इंजेक्शनच्या द्रवात मिसळलेला एक क्षार) असलेलं औषध चांगलंच झोंबतं. सायट्रेटविरहित मिळतं का, आधी विचारा. फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. एकदा गोठलेलं फेकायचंच. टोचण्याआधी 15 ते 30 मिनिटं बाहेर ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका, हलवू नका. मांडी किंवा पोट, दर वेळी जागा बदलून.

सुरू करण्यापूर्वी क्षयाची चाचणी आणि छातीचा एक्स-रे टाळूच नका: हे औषध दडलेला क्षय जागा करू शकतं. ताप असेल त्या दिवशी डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.