खिशातले हेडफोन ॲम्प: डोंगल, क्युडेलिक्स-५के आणि हिप-डॅक, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

सेनहायझरचा एचडी ६५० हा हेडफोन घेतला की सगळीकडून एकच सल्ला येतो: याला ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) लागणारच. त्याचा विद्युत रोध ३०० ओहम, हा आकडा बघूनच लोक धास्तावतात. गेल्या पावसाळ्यापासून मी तीन यंत्रं आलटून पालटून वापरतोय: ॲपलचं यूएसबी-सी ते ३.५ मिमी डोंगल (फोनच्या छिद्राला हेडफोन जोडणारा छोटा तुकडा), क्युडेलिक्स-५के आणि आयफायचा पहिल्या आवृत्तीचा हिप-डॅक. बाजारात आले तेव्हा यांच्या किमती अनुक्रमे ९, १०९ आणि १४९ डॉलर होत्या. आपल्याकडे येईपर्यंत त्यावर कर चढतो ते वेगळंच. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांच्यात सोळापट फरक आहे. तेवढे पैसे नेमके कशाचे द्यायचे, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.

माझं ऐकणं बहुतेक करून ख्याल आणि ध्रुपद, त्यातही आकाशवाणीच्या काळातली जुनी ध्वनिमुद्रणं भरपूर. हेडफोन दोन: एचडी ६५० आणि हायफायमनचा एचई४००एसई, जो प्लेनर जातीचा (शंकूऐवजी चुंबकांमधल्या सपाट पडद्याने आवाज काढणारा) आहे. प्रवासासाठी कानात घालायचे इन-इअर, ज्यांत बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे इवलेसे स्पीकर आहेत.

आधी हिशोब मांडू, कारण ॲम्पच्या जाहिराती वाचण्याआधी तो करून ठेवला की निम्मा गोंधळ मिटतो. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल आवाज काढतो, हे कंपनीनेच दिलेलं आहे. ॲपलचं डोंगल पूर्ण आवाजाला साधारण तेवढाच १ व्होल्ट देतं (युरोपात विकलं जाणारं मात्र अर्धाच). घरात शांतपणे ऐकताना सरासरी ७०-७५ डेसिबल पुरतात. तानेच्या किंवा तबल्याच्या थापेच्या टोकाला आणखी वीसेक डेसिबल धरा. म्हणजे कागदावर तरी छोटंसं डोंगल या ‘अवघड’ हेडफोनला पुरून उरतं.

आता एचई४००एसई घ्या. रोध फक्त २५ ओहम, संवेदनशीलता ९१ डेसिबल, तीही एका मिलिवॉटला. १ व्होल्टला याचा आवाज जातो साधारण १०७ डेसिबलपर्यंत, म्हणजे एचडी ६५० पेक्षा जास्तच. फरक पडतो तो करंटमध्ये. त्याच १ व्होल्टला एचडी ६५० जेमतेम ३.३ मिलिअँपिअर ओढतो आणि प्लेनर ४०. एकाला व्होल्टेज हवं, दुसऱ्याला करंट. ‘किती ओहम’ एवढंच विचारून ॲम्प निवडणारे इथेच फसतात.

ऐकून तुलना करायची तर आवाज समान करणं ही पहिली अट. जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला ‘मोकळा’, ‘जिवंत’ वाटतो, आणि अर्धा डेसिबलही त्यासाठी पुरतो. मी १०० हर्ट्झचा अखंड सूर लावला, हेडफोन जोडलेलाच ठेवून दुहेरी जॅकच्या मोकळ्या टोकावर मल्टिमीटरच्या पिना टेकवल्या आणि तिन्ही यंत्रांवर ३०० मिलिव्होल्ट येईपर्यंत आवाज हलवला. ३०० आणि ३०३ मधला फरक सोडून द्या, तो ०.१ डेसिबलच्याही आत आहे. स्वस्त मल्टिमीटर एसी मोजताना २०० व्होल्टच्या पट्ट्यापासूनच सुरू होतात, ते इथे निकामी. मिलिव्होल्टपर्यंत एसी मोजणाराच हवा. सूर १०० हर्ट्झचा घेतला त्याचंही कारण तेच: साधे मीटर मेन्सच्या ५० हर्ट्झच्या आसपासच भरवशाचे असतात, १००० हर्ट्झला काही जण गडबडतात.

मग बहिणीला पिना बदलायला बसवलं आणि मी पाठ करून बसलो. कान लावायला निवडला तानपुरा. खर्जाच्या तारेची जवारी नीट लागलेली असली की मूळ सुराच्या वर स्वरांचा एक झगमगता थर उठतो आणि तार छेडल्यावर तो हळूहळू रंग बदलत खाली येतो. ॲम्पने वरच्या पट्टीत काही घोळ केला तर तो इथे लपणार नाही. शिवाय बायाँवरचा घिस्सा (डाव्या तबल्यावर तळहात घासून काढलेला घुमारा), कारण खालच्या अंगाला ढिला पडलेला ॲम्प तिथे उघडा पडतो.

एचडी ६५० वर मला तिन्हींत फरक सांगता आला नाही. बहिणीने एकच यंत्र लागोपाठ दोनदा लावलं तेव्हाही मी मनातल्या मनात फरक ‘ऐकला’ होता, इतकं हे मन बनेल असतं. प्लेनरवरही शांत आवाजात तेच. ‘उबदार’, ‘पारदर्शक’, ‘स्टेज रुंद’ असले शब्द या तीन यंत्रांसाठी मी तरी वापरणार नाही. तिन्ही नीट बनवलेली आहेत, आणि नीट बनवलेल्या यंत्राला स्वतःचा आवाज नसावा हेच बरोबर आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर डोंगल घ्या आणि सुखी व्हा, असं लिहून मोकळा झालो असतो. पण महिनोन् महिने वापरल्यावर खरी गरज पुढे आली ती वेगळीच.

एचडी ६५० खालच्या खर्जात उतरता आहे. पखवाजाची धुमकी त्यावर ऐकू येते, पण अंगाला लागत नाही. क्युडेलिक्सच्या ॲपमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझर (हवी ती पट्टी हवी तेवढी कमी-जास्त करायची सोय) आहे, त्यात १०० हर्ट्झच्या खाली ५ डेसिबलचा उठाव दिला. आता डिजिटल संगीतात वरची मर्यादा ठाम असते. एक पट्टी ५ ने उचलायची तर आधी सगळाच आवाज ५ ने उतरवावा लागतो, नाहीतर टोकं कापली जातात. त्यात जुनं ध्वनिमुद्रण घ्या. आजच्या चित्रपटसंगीतासारखं ते दाबून मोठं केलेलं नसतं, सरासरी पातळी शिखरापेक्षा २५-३० डेसिबल खाली असते. डोंगलचे १०३, त्यातून ५ वजा, त्यातून २८ वजा: उरले ७०. रात्री दार लावून ऐकायला ठीक. उन्हाळ्यात डोक्यावर पंखा पाचावर असताना विलंबित ख्यालाची आलापी या आवाजात पोचत नाही.

क्युडेलिक्स ३.५ मिमीतून २ व्होल्ट देतो, म्हणजे ६ डेसिबल जास्त. २.५ मिमीच्या बॅलन्स्ड जोडणीतून (प्रत्येक कानाला परस्परविरुद्ध दोन सिग्नल देणारी जोडणी) ४ व्होल्ट, म्हणजे आणखी ६. इक्वलायझरने खाल्लेली जागा पहिल्या सहातच भरून निघते. ॲम्पच्या ताकदीचा मला झालेला खरा उपयोग हाच. ताकदीने आवाज सुधारला नाही. आवाज सुधारायला जी मोकळी जागा लागते ती तिने दिली, आणि सुधारणा केली इक्वलायझरने. पाच डेसिबलच्या त्या उठावाने पखवाजात जो फरक पडला तो डोळे बांधूनही कुणालाही सांगता येईल. तिन्ही यंत्रांमधला सगळा फरक एकत्र केला तरी त्याच्या पासंगाला पुरणार नाही.

बॅलन्स्डबद्दल एवढंच की खिशातल्या यंत्रात त्याचा अर्थ दुप्पट व्होल्टेज. ते हवं असेल तरच वेगळ्या केबलचा खर्च करा.

हिप-डॅककडे ताकद रगड आहे: बॅलन्स्ड जोडणीत ३२ ओहमला ४०० मिलिवॉट. प्लेनरवर इक्वलायझर लावून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना तो कधीच अपुरा पडला नाही. एक्सबास नावाचं बटण ॲनालॉग पद्धतीने खर्ज उचलतं, त्यामुळे वर सांगितलेली डिजिटल वजाबाकी करावी लागत नाही, आणि एचडी ६५० वर ते सुरेख बसतं. आवाजाचं गोल बटण फिरवताना जो हलका, गुळगुळीत रोध बोटाला लागतो त्याची सर कुठल्याही ॲपला नाही. पण वजन १२५ ग्रॅम, आणि संगीत आत जाण्याची जागा जुन्या यूएसबी-ए धाटणीची. यूएसबी-सी आहे ते चार्जिंगपुरतं. फोनला जोडायला वेगळी केबल, मग फोन आणि ॲम्प यांची जोडगोळी हातात धरून बसायचं. टेबलावर किंवा उशाशी उत्तम. लोकलच्या गर्दीत मी तो एकदाही बाहेर काढला नाही.

क्युडेलिक्स शर्टाला चिमट्याने अडकतो, ब्लूटूथवर एलडॅक (जास्त बारकावे पोचवणारी ध्वनी-पद्धत) चालतो, फोन खिशात राहतो. स्वयंपाकघरात कणीक मळतानाही मी ऐकतो ते यामुळेच. ॲप मात्र पहिल्या आठवड्यात डोकं फिरवतं. स्क्रीनमागून स्क्रीन, आणि प्रत्येक गोष्टीला दोन-तीन पर्याय. एकदा प्रत्येक हेडफोनची मांडणी साठवून ठेवली की पुन्हा आत शिरायचं काम पडत नाही. बटणं बारीक आणि एकाच कडेला आहेत, अंधारात चाचपडावं लागतं.

डोंगलला बॅटरी नाही, ते फोनची खातं, आणि चार्जिंगचं छिद्र तेवढ्या वेळापुरतं अडतं. दुसरं म्हणजे बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज मुळातच दबलेला राहतो. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो सारखं डोंगलशी थेट बोलणारं ॲप वापरलं की पूर्ण १ व्होल्ट मिळतो, पण मग ऐकणं त्या ॲपपुरतं बांधलं जातं. आयफोन किंवा लॅपटॉप असेल तर ही अडचण येत नाही.

इन-इअरसाठी मोजपट्टी उलटी आहे. तिथे ताकद नको, शांतता हवी. याआधी बाजारातून एक स्वस्त ॲम्प आणला होता. त्यात तानपुरा सुरू व्हायच्या आधीच सूं-सूं ऐकू यायचं आणि फोनला नेटवर्क शोधावं लागलं की टर्र-टर्र. शिवाय ॲम्पचा स्वतःचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, ही २०११ साली खुला आराखडा म्हणून आलेल्या ऑब्जेक्टिव्ह२ ॲम्पच्या काळापासून रूढ झालेली शिफारस इन-इअरच्या बाबतीत तंतोतंत पाळावी. आर्मेचरचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो, ॲम्पचा रोध जास्त असला की आवाजाचा तोलच बदलतो. ॲपलच्या डोंगलचा रोध साधारण १ ओहम आहे, त्यामुळे माझ्या इन-इअरना सर्वांत स्वस्त यंत्रच पुरतं. पुणे-मुंबई रेल्वेत तर यापेक्षा बारीक फरक गाडीच्या धडधडाटात विरून जातात.

पैशाच्या हिशोबात माझा कौल क्युडेलिक्सला, आणि तो त्याच्या इक्वलायझरमुळे. ज्यांना इक्वलायझर लावायचाच नाही आणि जे घरात मध्यम आवाजात ऐकतात, त्यांनी डोंगल घ्यावं आणि उरलेले पैसे हेडफोनमध्ये घालावेत. हेडफोन बदलला की आवाज खरोखर बदलतो. हिप-डॅक मी विकणार होतो, पण तो आता वडिलांच्या टेबलावर लॅपटॉपला जोडलेला आहे. त्यांना ॲप नको असतं, हाताला लागणारं गोल बटण हवं असतं. एक्सबास ते कायम चालूच ठेवतात.