किनाऱ्यावरची रपेट: वाइल्ड कोस्ट, एसाउइरा की मांडवी? नाशिकहून निघणाऱ्यांसाठी तुलना

समुद्रकाठानं आठवडाभर घोड्यावरून हिंडायचं मनात असेल, तर आधी कॅलेंडर बघा. सुट्टी मे महिन्यात मिळणार, दिवाळीत की डिसेंबरच्या शेवटी, यावर अर्धा निर्णय होऊन जातो. उरलेला अर्धा तुमची मांड किती पक्की आहे त्यावर. फोटो बघून किनारा निवडू नका, हे मी कळकळीनं सांगते. फोटोत सगळीकडे तेच असतं: ओली वाळू, पाण्याचे तुषार, उडणारी आयाळ. खाली घोडा कसला, वारा किती, दिवसाला किती तास खोगिरावर बसायचं, हे त्यात कुठंच दिसत नाही.

नाशिकहून विचार करणाऱ्यानं तीन जागा समोर ठेवाव्यात असं मला वाटतं: दक्षिण आफ्रिकेचा वाइल्ड कोस्ट, मोरोक्कोतलं एसाउइरा आणि आपली कच्छमधली मांडवी.

मग कोकण का नाही? काशीद, नागाव, मुरूडला घोडे आहेत, पण ते एक-दोन फेऱ्या मारून आणण्यासाठी. लहान मुलाला पहिल्यांदा बसवायला ठीक आहे. सलग प्रवास करायचा म्हटलं तर दर काही किलोमीटरवर खाडी नाही तर डोंगराचं टोक आडवं येतं, आणि प्रवासी होडीत घोडा चढत नाही. शिवाय वेळास, आंजर्ल्यासारख्या पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. भरतीरेषेच्या वरच्या त्या वाळूत घोड्यांच्या टापा पडू नयेत, हे बरंच.

आता वाइल्ड कोस्ट. तिघांत मला सर्वांत जवळचा हाच, आणि सर्वांत अवघडही हाच. ग्रेट केई नदीच्या मुखापासून पोर्ट एडवर्डजवळच्या म्टामवुना नदीपर्यंत पसरलेला हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा किनारा म्हणजे जुना ट्रान्सकाय. नेल्सन मंडेला इथलेच, जन्म म्वेझोचा आणि बालपण कुनूचं. वर्णद्वेषी सरकारनं १९७६ मध्ये या भागाला नावापुरतं स्वातंत्र्य दिलं, बाहेरच्या जगानं ते मान्य केलं नाही, आणि १९९४ मध्ये तो पुन्हा दक्षिण आफ्रिकेत आला. या सगळ्यात जमीन बहुतांशी गावकीचीच राहिली आणि किनाऱ्याला धरून जाणारा रस्ता काही झाला नाही. हमरस्ता दूर आतून जातो. त्याला फुटलेले कच्चे रस्ते एकेका नदीच्या मुखाशी येऊन संपतात. त्यामुळे एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामाला जायला घोड्यासारखं वाहन नाही. तुम्ही वाळूवरून वीस-पंचवीस किलोमीटर सरळ जाता, आणि सामानाची गाडी मात्र आत हमरस्त्याच्या बाजूला जाऊन लांबचा वळसा घालून खाली येते.

वाटेत कोबोन्काबाच्या बाजूला १९७१ मध्ये किनाऱ्याला लागलेल्या जॅकरँडा जहाजाचे गंजके अवशेष आहेत. क्वोलोराजवळ ग्झारा नदीचा तो डोह आहे, जिथं १८५६ मध्ये नॉन्गकावुसे नावाच्या मुलीला पूर्वजांचा संदेश मिळाल्याचं सांगितलं गेलं: गुरं मारा, धान्य नष्ट करा, मग गोरे समुद्रात वाहून जातील. इथल्या खोसा जमातीनं ते ऐकलं. पुढच्या वर्षी हजारो माणसं उपासमारीनं गेली आणि इंग्रजांना जमीन अलगद मिळाली. टेकडीवरच्या रंगवलेल्या गोल झोपड्यांमधून आज गुरं पुन्हा किनाऱ्यावर उतरतात आणि दुपारभर वाळूत बसून राहतात. तुमच्या घोड्याकडे ती मान वळवूनही बघत नाहीत.

खरी परीक्षा नद्यांची. काही ओहोटीला चालत पार होतात, काही पोहून. पोहण्याआधी खोगीर उतरवून होडीत ठेवतात. उघड्या पाठीवर बसून पाण्यात शिरायचं. पाणी घोड्याच्या खांद्यापर्यंत येतं, आणि मग एका क्षणी टापांचा ठेका बंद होतो. घोडा तरंगायला लागलेला असतो. तेव्हा लगाम ओढायचा नाही. ओढला तर नाकपुड्या पाण्याखाली जातात. लगाम सैल सोडायचा, आयाळ मुठीत घट्ट धरायची, अंग मागे सोडून त्याच्या पाठीवर तरंगू द्यायचं आणि पाय त्याच्या पायांपासून लांब ठेवायचे. पलीकडे टापा जमिनीला लागल्या की तो झटक्यात वर येतो, आणि पडायची वेळ हीच असते. पोहता येत नसेल तर हे आधीच सांगा, तुम्हाला होडीतून नेतात.

दिवसाची आखणी भरती-ओहोटीवर होते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एक दिवस सकाळी आठला निघालात तर चार दिवसांनी अकरा वाजतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त मागे हटतं आणि घट्ट वाळूचा पट्टा रुंद मिळतो. अष्टमीच्या भांगात तो अरुंद होतो. तारखा ठरवताना पंचांग जवळ असलेलं चांगलं. भरतीरेषेच्या वरच्या भुसभुशीत वाळूत घोडा पळवला तर त्याच्या पायाच्या शिरा दुखावतात. दौड फक्त ओल्या, दाबलेल्या वाळूवर, एवढं कोणत्याही किनाऱ्यावर लक्षात ठेवावं.

हंगाम मे ते ऑगस्ट. तिकडचा तो कोरडा, सौम्य हिवाळा, आणि आपली उन्हाळ्याची सुट्टी त्यात बरोबर बसते. जूनपासून हंपबॅक देवमासे किनाऱ्याजवळून जाऊ लागतात. प्रवास मात्र लांबचा: मुंबई, जोहान्सबर्ग, तिथून ईस्ट लंडन आणि मग केई माउथपर्यंत सुमारे नव्वद किलोमीटर रस्ता. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून निदान कसारा घाटाची धाकधूक तरी कमी झाली. व्हिसा आधी काढावा लागतो. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचा नियम तपासा. तो परत येताना भारतातही लागू होतो. शाकाहारींनी आधी कळवावं. भरडलेला मका आणि घेवडा एकत्र शिजवून करतात तो तिथला रोजचा पदार्थ पोटभरीचा आहे, फक्त त्यात मांस घातलेलं नाही ना ते विचारा.

हा किनारा असाच राहील असं धरून चालू नका. उत्तरेकडच्या पोंडोलँडमध्ये म्टेंटू आणि म्सिकाबा नद्यांवर हमरस्त्यासाठी प्रचंड पुलांची कामं निघाली. झोलोबेनीच्या वाळूतल्या टायटॅनियमवर खाण कंपनीचा डोळा आहे. गावकऱ्यांच्या पूर्ण संमतीशिवाय तिथं खाणीचा परवाना देता येणार नाही, असा निकाल प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिला. घोड्यावरून येणारा पाहुणा गावात राहतो, गावात जेवतो, गावातला वाटाड्या घेतो. म्हणून तिकडे जायचं तर स्थानिक माणसांना काम देणाऱ्याकडूनच जावं, असं मला मनापासून वाटतं.

एसाउइराचा स्वभावच वेगळा. अटलांटिकच्या काठावरचं तटबंदीचं शहर, २००१ पासून युनेस्कोच्या यादीत. दक्षिणेला सिदी काउकीपर्यंत आणि पुढे वाळूच्या टेकड्या, अर्गनची काटेरी झाडं, रिकामे किनारे. घोडे बार्ब आणि अरब-बार्ब: उंचीनं बेताचे, पायाला पक्के, दमदार. याच घोड्यांवर मोरोक्कोत तबुरिदा होते, म्हणजे ओळीनं दौडत येऊन सगळ्यांनी एकाच क्षणी बंदुकीचा बार काढायचा. २०२१ मध्ये तिलाही युनेस्कोनं वारसा म्हणून नोंदवलं. रपेटीला पुष्कळदा खच्ची न केलेले नर देतात. ते दुसऱ्याच्या घोड्याजवळ गेले की कान मागे टाकतात, त्यामुळे अंतर राखून चालवायची सवय हवी.

एसाउइराची अडचण एकच, वारा. उन्हाळ्यात तो इतका असतो की वाळू गालाला टोचते आणि पुढच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दिवाळीच्या सुमारास तो बराच उतरलेला असतो आणि दिवसा हवा सुखाची असते, म्हणून दिवाळीची सुट्टी असेल तर हीच जागा. दुसरी मोठी सोय अशी की बरोबरचं माणूस घोड्यावर बसणारं नसेल तरी त्याचा आठवडा फुकट जात नाही. गल्ल्या, बंदर, बाजार, संध्याकाळी परत भेट. वाइल्ड कोस्टवर न बसणारा सोबती सामानाच्या गाडीत कंटाळतो. घरात यावरून भांडण होणार असेल तर विचार इथंच संपवा आणि मोरोक्कोचा व्हिसा काढा. मराकेशहून रस्त्यानं तीनेक तास लागतात.

मांडवीला पासपोर्ट लागत नाही. मुंबईहून रेल्वेनं भुज आणि पुढे साठ किलोमीटर. इथं काठेवाडी, मारवाडी आणि कच्छी-सिंधी घोडे मिळतात, आणि त्यातल्या काहींना रेवाल चाल असते. ही चाल ज्यानं अनुभवली नाही त्याला सांगून पटत नाही. दुडकीत बसतात तसे हिसके कंबरेला बसत नाहीत. सपाट, झपझप चाल, चार तासांनंतरही पाठ तक्रार करत नाही. पन्नाशीच्या पुढच्यांना मी मांडवीच सुचवते ती या एका चालीसाठी. रुक्मावती नदीच्या काठावर अजून लाकडी जहाजं बांधतात, ती बघत मुखाशी यावं आणि ओहोटीला पश्चिमेकडे निघावं.

उणीव अशी की आठवडाभराची बांधलेली सफर इथं तयार मिळेलच असं नाही. बरेचदा एकेका दिवसाच्या रपेटी जोडून स्वतःच आखणी करावी लागते. पवनचक्क्या आणि गाड्या दिसत राहतात, त्यामुळे एकांत अर्धामुर्धाच. कोटेश्वर-लखपतकडे सीमेचा भाग आहे, तिथं परवानगीशिवाय घोडा घालू नये. हंगाम डिसेंबर-जानेवारी. त्याआधी दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. आपल्याकडून तो दूर नाही. तिथं एक दिवस नुसतं उभं राहून चाली बघितल्या तरी मांडवीला घोडा निवडताना उपयोग होतो.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याबद्दलही लोक विचारतात. कॉनेमारा पोनी गुणी, आणि ओमी बेटावर ओहोटीला वाळूवरून जाता येतं, हे खरंच सुंदर आहे. पण शेंगेन व्हिसा तिथं चालत नाही आणि उन्हाळ्यातही पाऊस पाठ सोडत नाही. इगतपुरीच्या पावसात ज्याला मजा येते त्यानंच जावं.

वजनाबद्दल कुणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून मी बोलते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, असा सर्वसाधारण नियम आहे. साडेचारशे किलोच्या घोड्यावर नव्वद किलो, त्यातले आठ-दहा खोगिराचे. साडेतीनशे किलोच्या हलक्या घोड्यावर सत्तरच, म्हणजे स्वार साठच्या आसपास. पंच्याऐंशी किलोच्या माणसानं मांडवीला थोराड घोडा आहे का ते आधी विचारावं, नाहीतर वाइल्ड कोस्ट बघावा. खरं वजन सांगा. त्याचा भार सहा तास घोडा वाहणार असतो.

तर माझा सल्ला असा. दहा मिनिटं हात न टेकता दुडकीत बसता येत नसेल, तर यंदा मांडवी. दौडीतला घोडा शांतपणे थांबवता येत असेल आणि दिवाळी मोकळी असेल, तर एसाउइरा. रोज पाच-सहा तास बसायची ताकद असेल, पाण्याची भीती नसेल आणि खर्च झेपत असेल, तर मे महिना राखून ठेवा आणि वाइल्ड कोस्टला जा. त्यासाठी नाशिकमध्ये नोव्हेंबरपासून, थंडीत, आठवड्यातून दोन-तीनदा तरी घोड्यावर बसायला लागा, आणि शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस प्रत्येकी चार तास बसून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या काय म्हणतात ते महत्त्वाचं.

पैसे भरण्याआधी सफर चालवणाऱ्याला चार गोष्टी विचारा. घोड्यांना मधे विश्रांतीचा दिवस असतो का? पाठीला जखम झालेल्या घोड्याऐवजी दुसरा घोडा बरोबर असतो का? रोज संध्याकाळी समुद्राचं मीठ धुऊन काढतात का? स्वार पडला तर जवळचं रुग्णालय किती तासांवर? प्रवासविम्यात घोडेस्वारी धरलेली आहे का हे विमा कंपनीकडून लेखी घ्या, बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते. हेल्मेट स्वतःचं न्या. आणि चारांपैकी एकाही प्रश्नाला "तिथं आल्यावर बघू" असं उत्तर आलं, तर दुसरा चालक शोधा.