शटरचा रिमोट अडतोय: सेल, अँटेना, नवा रिसीव्हर की मोबाईल?

कोल्हापुरात ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीकडच्या बंगल्यांत पार्किंगला मोटरचं शटर नाहीतर सरकतं गेट आता नवीन राहिलेलं नाही. तक्रारही बहुतेकांची एकच: "आधी रस्त्यावरूनच उघडायचं, आता गाडी शटरला टेकवली तरी दहा वेळा बटण दाबावं लागतं." मग कुणीतरी मोटरच बदलायला सांगतं. भिंतीवरच्या बटणाने शटर नीट वर-खाली होत असेल, तर मोटरला हात लावू देऊ नका. दोष रिमोटमध्ये आहे, त्याचा सिग्नल पकडणाऱ्या मोटरच्या रिसीव्हरमध्ये आहे, किंवा दोघांच्या मधे दुसरं कुठलं तरी उपकरण रेडिओ लहरींचा गोंगाट करतंय. यातलं नेमकं काय ते कळल्याशिवाय पैसे काढूच नयेत.

आपल्याकडचे बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. ४३३ ते ४३४ हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांना विनापरवाना मोकळा आहे, त्यामुळे तिथे गर्दीही आहे. वायरलेस डोअरबेल, कितीतरी गाड्यांच्या किल्ल्या, टायरमधले हवेचे सेन्सर, सगळे तिथेच. अमेरिकेतले रिमोट मात्र प्रामुख्याने ३०० ते ३९० मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतात. २००४-०५ च्या सुमारास तिथल्या लष्कराचे नवे वायरलेस संच ३८० ते ४०० च्या पट्ट्यात आले आणि तळांजवळच्या घरांचे दरवाजे अडायला लागले. तिकडचे व्हिडिओ बघून इथे टॉवरला किंवा पोलिसांच्या वायरलेसला दोष देऊ नका. आपला चोर बहुधा घरातच असतो: हलक्या एलईडी बल्बचा ड्रायव्हर, सीसीटीव्हीचा अडॅप्टर, कधी इन्व्हर्टर.

तो पकडायची रीत साधी आहे. मेन बोर्डवर फक्त शटरच्या मोटरचा एमसीबी चालू ठेवा, बाकीचे सगळे पाडा, इन्व्हर्टरही बंद करा. आता रस्त्यावरून रिमोट दाबा. रेंज परत आली, तर एकेक एमसीबी चढवत जा. ज्याच्यावर रेंज पडेल, त्या लाइनवर दोषी आहे. काहीच फरक पडला नाही, तर घरातले सगळे जादा रिमोट गोळा करून त्यांचे सेल काढा, कारण ड्रॉवरमध्ये बटण दाबून बसलेला एक रिमोट बाकीच्यांना बोलूच देत नाही. आणखी एक खूण: शटरसमोर गाडीची किल्लीही लांबून चालत नसेल आणि दुसऱ्या गल्लीत चालत असेल, तर गोंगाट हवेतच आहे असं समजा. दोषी अडॅप्टर किंवा बल्ब सापडला, तर तो बदलला की काम झालं, पुढचं वाचायचीही गरज नाही.

नाही सापडला, तर आता निवड करायची. सेल सर्वांत स्वस्त. मीटर लावून खात्री करत बसू नका, सरळ नवा घाला. नुसत्या मीटरवर ठीक दिसणारा सेल बटण दाबल्यावर मान टाकतो. नवा रिमोट मात्र लगेच घेऊ नका. घरातले दोन्ही रिमोट सारखेच अडत असतील, तर तिसराही अडणारच.

त्यानंतर अँटेना, आणि माझा सगळा जोर इथे आहे. रिसीव्हरचा डबा उघडून बघा. त्यातून एक बारीक वायर निघते, लांबी सुमारे १७ सेंटीमीटर, म्हणजे ४३३ च्या लहरीच्या पाव भाग. बसवणाऱ्याने ती घाईत गुंडाळून डब्यात कोंबलेली असते, वर डबा शटरच्या लोखंडी पेटीच्या आत. चहूबाजूंनी पत्रा, मग सिग्नल येणार कुठून? ती वायर सरळ करून पत्र्याबाहेर काढली की बऱ्याचदा हरवलेली रेंज परत येते. भिंत जाड असेल, तर केबलची बाहेरची अँटेना लावा. पावसाळ्यात डब्यात ओल शिरते, तेव्हा भोकं बुजवायला विसरू नका.

एवढ्यावरही जमलं नाही, तर रिसीव्हर बदला. स्वस्त बोर्डांत सुपररिजनरेटिव्ह रिसीव्हर असतो. तो चावडीवर बसलेल्या माणसासारखा, सगळ्या गल्लीचं ऐकतो. सुपरहेटरोडाइन रिसीव्हर आपल्या फ्रिक्वेन्सीपुरतंच ऐकतो, त्यामुळे गोंगाटात तो टिकतो. मागताना हाच शब्द सांगा. सोबत रोलिंग कोड, म्हणजे दर दाबण्याला बदलणारा कोड, मिळाला तर उत्तम, कारण ठरावीक कोडच्या रिमोटची नक्कल सहज होते. मात्र मग घरातले सगळे रिमोट बदलावे लागतात, आणि माणसं जास्त असतील तर खर्च तिथेच वाढतो. कुणी ८६८.३ चा युरोपी सेट दाखवला तर घेऊ नका. आपल्याकडे मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ एवढाच आहे.

मोबाईलवरून उघडणारा वाय-फायचा डबा ४३३ च्या गोंगाटातून सुटतो, हे खरं. पण राउटर बंद तर तोही बंद, आणि वळवाच्या पावसात लाइट गेली की राउटरला इन्व्हर्टर हवाच. मिस्ड कॉलवर चालणारा जीएसएमचा डबा २जी असेल, तर त्यात जिओचं सिम चालत नाही, हे घेण्याआधी बघा. शिवाय म्हातारी माणसं दारात उभी राहून अ‍ॅप उघडत बसणार नाहीत, त्यांना बटणच हवं. लांबून न बघता शटर खाली सोडणं तर धोक्याचंच. खाली मूल असू शकतं, म्हणून खाली कुणी आलं की शटर थांबवणारा फोटो सेन्सर नसेल तर हा पर्याय नकोच. दुसरी सोय म्हणून चालेल, एकमेव म्हणून नाही.

खांबावरच्या किल्लीच्या स्विचला कसलाच अडथळा येत नाही. जुलैत गाडीतून उतरून भिजावं लागतं, एवढंच.

दोन-तीन माणसांचं घर आणि जुना स्वस्त बोर्ड असेल, तर मी अँटेना बाहेर काढून पाहीन आणि नाहीच जमलं तर सुपरहेटरोडाइन रिसीव्हर रोलिंग कोडसकट घेईन. रिमोट पाच-सहा असतील, तर जुन्याच कोडला जुळणारा सुपरहेटरोडाइन बोर्ड मिळतो का, ते आधी विचारीन. मिस्त्रीला राहिलेले पैसे मात्र रात्री द्या: घरातले सगळे दिवे, कॅमेरे चालू ठेवून, पूर्वी जिथून शटर उघडायचं तिथूनच बटण दाबून बघितल्यावर.