गोल्ड श्रेणी, वीस किलो जादा सामान आणि सांबरा विमानतळ: सदस्यत्व बदलावे का?

गेली अनेक वर्षे मी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक युतीतल्या एका परदेशी कंपनीच्या सदस्यत्वावर, नेहमीच्या प्रवाशांना जादा सवलती देणारी गोल्ड श्रेणी टिकवून आहे, आणि काही महिन्यांपासून त्याच्या जोडीला एका देशांतर्गत कंपनीचे सदस्यत्वही नेटाने वापरतो आहे. पहिल्या कंपनीकडे माझी तक्रार अद्याप प्रलंबित असल्यामुळे दोन्हींची नावे येथे देत नाही. श्रेण्या, पॉइंट (प्रवासागणिक जमणारे गुण, काही कार्यक्रमांत ‘माइल’), लाउंज यांची प्राथमिक माहिती वाचकांना आहे, असे धरून चालतो. बेळगावात राहणाऱ्या आणि वर्षभर विमानाने फिरावे लागणाऱ्या माणसाने जुने सदस्यत्व सोडून नव्याकडे जावे का, एवढ्याच प्रश्नापुरते हे लेखन आहे.

माझ्यापुरता हा प्रश्न सामानाच्या वजनाशी येऊन थांबतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचे ओतकामाचे छोटे युनिट आहे. पंपाचे आणि व्हॉल्व्हचे बिडाचे (कास्ट आयर्नचे) भाग आम्ही तयार करतो. बीड पाण्याच्या सुमारे सातपट जड असते, म्हणजे लिटरभर आकारमानाचा भरीव तुकडा सात किलोच्या आसपास भरतो. बॅगेत दोन-तीन नमुने ठेवले की कपड्यांना जागा भरपूर राहते, परंतु वजन शिल्लक राहत नाही. नमुने कुरिअरने पाठवता येतात आणि आम्ही पाठवतोही. मात्र ग्राहकाने ड्रॉइंगमध्ये बदल सांगितला, की रातोरात मशिनिंग उरकून नवा नमुना घेऊन स्वतःच निघावे लागते, कारण तो भाग समोर ठेवून मापे दाखवल्याशिवाय ऑर्डर पक्की होत नाही. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या तिकिटावर साधारणपणे 15 किलो सामान आत टाकता येते आणि 7 किलोची बॅग हातात नेता येते. या हिशेबात आमचा धंदा बसत नाही. स्टार अलायन्सच्या गोल्ड श्रेणीला वजनाच्या हिशेबाने चालणाऱ्या मार्गांवर 20 किलो आणि नगाच्या हिशेबाने चालणाऱ्या मार्गांवर एक जादा बॅग मिळते. लाउंजमधला उपमा, आधी विमानात चढण्याची सोय, वरची आसने या सर्वांपेक्षा मला या वीस किलोंचे मोल अधिक वाटत आले आहे, आणि केवळ त्यांच्यासाठी मी कित्येकदा वेळेने गैरसोयीचे तिकीट काढले आहे.

अडचण अशी, की बेळगावच्या विमानतळावर, म्हणजे सांबऱ्याला, स्टार अलायन्सचे एकही विमान उतरत नाही. येथून आज प्रामुख्याने इंडिगो आणि स्टार एअर उड्डाण करतात. स्टार एअर ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या संजय घोडावत समूहाची कंपनी असून तिचा स्टार अलायन्सशी काहीही संबंध नाही. आमच्याकडे अनेकांचा तसा समज असतो, म्हणून हे स्पष्ट लिहिले. एअर इंडिया 11 जुलै 2014 रोजी अलायन्समध्ये आली, परंतु तिचे विमान पकडायचे तर चोर्ला घाट उतरून गोवा गाठावा लागतो, नाहीतर निपाणी-कोल्हापूरमार्गे पुणे. पावसाळ्यात चोर्ल्याचा भरवसा नसतो. डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता धरला, तर गोल्डमुळे वाचलेले पैसे रस्त्यावरच संपतात. अशा वेळी सांबऱ्याहून बंगळूरपर्यंत वेगळे तिकीट काढावे लागते, आणि वेगळ्या तिकिटावर, वेगळ्या कंपनीच्या विमानात, गोल्ड कार्डाचा काडीचाही उपयोग होत नाही. काउंटरवर किलोमागे काही शे रुपये भरावे लागतात. पुढे बंगळूरला बॅग ताब्यात घेऊन इंडिगोच्या टर्मिनल 1 वरून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या टर्मिनल 2 वर न्यावी लागते, आणि तेथे तीच बॅग गोल्ड असल्यामुळे विनामूल्य स्वीकारली जाते. एकाच बॅगेला एका दिवसात भुर्दंडही पडतो आणि सन्मानही मिळतो. मला ही गोष्ट फार लागली.

नव्या सदस्यत्वाकडे वळण्याचे तात्कालिक कारण मात्र पॉइंटचे आहे. युरोपातून परतताना अलायन्समधल्याच दुसऱ्या कंपनीच्या विमानाने आलो. त्या प्रवासाचे पॉइंट खात्यात आले नाहीत, म्हणून मागाहून दावा केला. प्रथम बोर्डिंग पास मागण्यात आला. हल्ली हे पास थर्मल कागदावर छापतात आणि काही आठवड्यांत अक्षरे उडून जातात. मी पास मिळताक्षणी त्याचे छायाचित्र काढून ठेवतो, म्हणून निभावले. प्रत्येक वाचकाने ही सवय लावून घ्यावी. त्यानंतर उत्तर आले, की माझ्या तिकिटाचा बुकिंग वर्ग (भाड्यानुसार ठरणारा तिकिटाचा गट) पॉइंटसाठी पात्र नाही. सर्वांत स्वस्त वर्गांना भागीदार कंपन्या पॉइंट देत नाहीत, हे मला माहीत आहे आणि मान्यही आहे. परंतु मी तिकीट काढले त्या दिवशी कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यात तो वर्ग पात्र होता आणि तक्ता नंतर बदलला गेला. ते पान मी जपून ठेवले होते, ते जोडून पाठवले. तेव्हापासून दर वेळी निराळ्या सहीचे आणि त्याच मजकुराचे पत्र येते. आमच्याकडून एखादा भाग सदोष गेला, तर ग्राहक बॅच क्रमांक विचारतो आणि आम्ही त्या बॅचची नोंद काढून उत्तर देतो. एवढी रीत मला या कंपनीकडूनही अपेक्षित होती.

या चिडीच्या भरात मी देशांतर्गत कंपनीचे सदस्यत्व घेतले आणि पहिल्या काही आठवड्यांत माझे मत ठाम झाले होते, की जुने सरळ सोडून द्यावे. सांबऱ्याहून निघालेल्या प्रत्येक प्रवासाचे पॉइंट दोन-तीन दिवसांत, न मागता जमा होत गेले. बंगळूर, हैदराबाद, दिल्ली या माझ्या नेहमीच्या वाटा त्यात आल्या. धाकटा भाऊ गेली दोन वर्षे मला हेच सांगत होता, की आपल्या गावाहून जे विमान उडते त्याचेच सदस्यत्व घ्यावे.

पुढच्या काही महिन्यांत हे मत जसेच्या तसे राहिले नाही. आता सदस्यत्वाचे बहुतेक कार्यक्रम अंतरावर चालत नाहीत, तिकिटावर खर्च केलेल्या पैशांवर चालतात. अमेरिकेत डेल्टाने 2015 पासून ही पद्धत स्वीकारली आणि आपल्याकडे एअर इंडियाने 2024 मध्ये. करांवर आणि विमानतळ शुल्कावर सहसा पॉइंट मिळत नाहीत. सांबरा ते बंगळूर हे आधी काढलेले स्वस्त तिकीट घ्या. त्यातून कर वजा केले की पॉइंट मोजण्यासाठी उरते तरी काय? जो माणूस महिनाभर आधी तिकीट काढून पैसे वाचवतो, त्याला कमी पॉइंट, आणि जो आदल्या दिवशी दुप्पट भावाने काढतो, त्याला जास्त. काटकसरीने वागणाऱ्याच्या विरोधात जाणारी ही रचना मला पटत नाही. जमलेल्या पॉइंटवर फुकट तिकीट काढायला गेलो, तेव्हा कर आणि शुल्क रोख भरावे लागले. छोट्या मार्गावर ती रक्कम मूळ तिकिटाच्या मानाने एवढी मोठी होती, की मी पॉइंट तसेच राखून रोखीनेच तिकीट काढले. दिल्लीसारख्या लांबच्या मार्गावर पॉइंट वापरले तर अधिक परवडते, हे नंतर हिशेब मांडल्यावर ध्यानात आले.

सामानाचे काय? येथे मला अनपेक्षित समाधान मिळाले, आणि ते कोणत्याही श्रेणीमुळे मिळाले नाही. जादा सामान काउंटरवर न घेता आधीच अ‍ॅपवर ठरावीक किलोंच्या टप्प्यांत विकत घेतले, तर दर लक्षणीय कमी पडतो. ही सोय सदस्य नसलेल्यालाही आहे. आता मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कारखान्यातल्या काट्यावर बॅग ठेवतो, वजन पाहतो आणि तेवढेच किलो घेतो. सांबऱ्याच्या काउंटरवर पूर्वी होणारा वाद त्यामुळे संपला. त्यापाठोपाठ मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गोल्ड टिकवण्यासाठी मी वर्षभर जी महाग किंवा वळशाची तिकिटे काढतो, त्यांची जादा किंमत एका बाजूला मांडली आणि वर्षभराचे जादा सामान रोखीने घेण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. देशांतर्गत प्रवासापुरता रोखीचा खर्च बराच कमी निघाला. युरोपच्या प्रवासात मात्र चित्र उलटे आहे: तेथे जादा बॅगेचा दर इतका चढा असतो, की एका फेरीत गोल्डची बरीच किंमत वसूल होते. शिवाय बंगळूरहून सुटलेले विमान उशिरा पोहोचून पुढचे जोडविमान चुकले, तेव्हा गोल्ड असल्यामुळे मला रांगेत पुढे घेऊन त्याच रात्रीच्या विमानात बसवण्यात आले. माझ्याबरोबरचे अनेक प्रवासी सकाळपर्यंत तेथेच अडकून राहिले. ज्या कंपनीवर मी इतका रागावलो आहे, तिच्या श्रेणीनेच हे काम केले, हे प्रामाणिकपणे नोंदवणे आवश्यक आहे.

पॉइंट साठवून ठेवण्याबाबत मी पूर्वीही सावध होतो, आता अधिक झालो आहे. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली तेव्हा तिच्या सदस्यांचे पॉइंट कंपनीबरोबरच बुडाले. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेज थांबली. तिचा जेटप्रिव्हिलेज हा कार्यक्रम वेगळ्या कंपनीच्या हाती असल्यामुळे तगला आणि पुढे इंटरमाइल्स झाला, परंतु ज्या विमानांसाठी लोकांनी माइल जमवले होते ती विमानेच उरली नव्हती. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या क्लब विस्तारा या कार्यक्रमाचे सदस्य एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये गेले. त्याच वर्षी इंडिगोने ब्लूचिप हा आपला कार्यक्रम आणला. युत्यासुद्धा कायमच्या नसतात: 1997 मध्ये स्टार अलायन्स स्थापन करणाऱ्या पाच कंपन्यांपैकी स्कँडिनेव्हियाची एसएएस सप्टेंबर 2024 मध्ये स्कायटीम या दुसऱ्या युतीत निघून गेली.

आमच्या भागासाठी याहूनही जवळचा धोका मार्गांचाच आहे. छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला अनेक मार्ग मिळाले आणि सांबऱ्याचा विमानतळ एकाएकी गजबजला. या योजनेतली तूट-भरपाई तीन वर्षांची असते. ती संपली, की मार्ग स्वतःच्या उत्पन्नावर चालला तर चालतो, नाहीतर बंद होतो. ट्रूजेट आणि स्पाइसजेट या दोघींची विमाने येथून उडत होती, आज उडत नाहीत. उद्या एखादा मार्ग हुबळीला गेला, तर सांबऱ्याच्या भरवशावर जमवलेली श्रेणी घेऊन मला तासा-दीड तासाचा रस्ता तुडवावा लागेल. ऑगस्ट 2025 पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारत सुरू झाली आहे. वेळ सुमारे साडेआठ तास लागतो, परंतु तेथे कोणी माझी बॅग काट्यावर ठेवत नाही. पंधरा-वीस किलोंचे नमुने असतील आणि घाई नसेल, तर मी आता तिचाही विचार करतो. म्हणून कोणत्याही एका देशांतर्गत श्रेणीसाठी वर्षाचे सगळे प्रवास एकाच कंपनीकडे वळवण्याचा सल्ला मी बेळगावकरांना देणार नाही.

माझा निर्णय पुढीलप्रमाणे आहे. देशांतर्गत प्रवासासाठी नवे सदस्यत्व ठेवतो. त्याच्या श्रेणीच्या मागे लागत नाही, पॉइंट आपोआप जमतील तेवढे घेतो आणि दिल्लीच्या एखाद्या फेरीत ते वर्षाच्या आत वापरून टाकतो. जुन्या कंपनीचे गोल्ड मुदत असेपर्यंत वापरतो, मात्र ते वाढवण्यासाठी यापुढे एकही वळशाचे तिकीट काढणार नाही. अलायन्सच्या कोणत्याही विमानात बसलो तरी दुसऱ्या सदस्य कंपनीचा क्रमांक देऊन तिकडे माइल जमा करता येतात, ही सोय आमच्याकडे फारसे कोणी वापरत नाही. प्रत्येक कार्यक्रमाचे नियम निराळे असतात: सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माइल तीन वर्षांत संपतात, तर युनायटेडने 2019 पासून माइलची मुदतच काढून टाकली आहे. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच परदेशी जाणाऱ्याला मुदत नसलेला कार्यक्रम बरा, असे माझे मत झाले आहे, आणि यापुढचे युरोपचे माइल मी त्या दिशेने वळवणार आहे. तिकडे गोल्ड मिळवायला बराच काळ लागेल, याची जाणीव आहे.

एक गोष्ट मात्र अजून मोकळी ठेवली आहे. ओतकामाचे जागतिक प्रदर्शन, गिफा, दर चार वर्षांनी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला भरते. मागचे जून 2023 मध्ये झाले, पुढचे 2027 मध्ये आहे. तेथे आम्हाला नमुन्यांच्या किमान दोन बॅगा न्याव्या लागतील. तोपर्यंत माझे गोल्ड टिकत नाही. त्यामुळे जुन्या कंपनीने प्रलंबित पॉइंट जमा केले आणि श्रेणीची मुदत वाढली, तर ती फेरी तिच्याच खात्यावर करीन. तक्रारीचे शेवटचे पत्र या आठवड्यात रजिस्टर टपालाने तिच्या भारतातील कार्यालयाकडे पाठवले आहे. उत्तर नकारार्थी आले, तर 2027 च्या दुसऱ्या बॅगेचे पैसे आधीच भरून ठेवीन आणि ते सदस्यत्व बंद करीन.