घरच्या सुतारकामासाठी हाताची अवजारे घ्यावीत की विजेची?

बडोद्यात फ्लॅटमध्ये राहून सुतारकामाचा छंद जोपासू पाहणाऱ्यांसमोर पहिला प्रश्न हाच येतो, की रंधा, करवत आणि पटाशी यांवर भागवावे, की विजेचा रंधा, गोल करवत आणि सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र) असा संच घ्यावा. मी आधी विजेचा संच घेतला, दोन वर्षे वापरला आणि गेली तीन वर्षे बहुतेक काम हातानेच करतो आहे. त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे, हे लपून राहणार नाही.

वेगाबाबत वादाला जागा नाही. जुन्या घराच्या पाडकामातून मिळालेली सागवानी फळी विजेच्या रंध्याखाली अर्ध्या तासात सपाट होते. हाताने तेच करताना माझी सबंध सकाळ जाते आणि दुसऱ्या दिवशी खांदे भरून येतात. प्लायवूडची कपाटे करायची असतील, तर विजेची करवतच बरी, कारण प्लायवूडमधला सरस रंध्याची धार पाहता पाहता घालवतो.

माझा निर्णय मात्र धुळीने केला. विजेच्या रंध्याची पाती फिरत्या रुळावर बसवलेली असतात, त्यामुळे फळीवर बारीक लाटा राहतात. तिरप्या उजेडात त्या दिसतात आणि पॉलिश चढल्यावर अधिकच उठून दिसतात. त्या घालवायच्या म्हणजे सँडर आला, आणि सँडरची धूळ केरसुणीने गोळा होणाऱ्या भुशासारखी नसून पिठासारखी असते व तासन्‌तास हवेत राहते. एकदा गॅलरीचे दार लावून, फटीला ओले कापड लावून मी एका पाटावर सँडर चालवला. संध्याकाळी आई दिवा लावायला गेली, तेव्हा समईतल्या तेलावर तपकिरी साय धरलेली होती. ती काहीच बोलली नाही. तेल काढून टाकून समई घासायला बसली. जी धूळ समईपर्यंत पोहोचली, ती तिच्या छातीतही गेली असणार, हा विचार मला स्वस्थ बसू देईना. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक घटकांत केला आहे. तो निष्कर्ष मुख्यतः लाकूडकामाच्या धंद्यात वर्षानुवर्षे राबणाऱ्यांवरून काढलेला असला, तरी घरात वयस्कर माणसे असताना मला तो दुर्लक्षिता आला नाही. पुढे सँडरला व्हॅक्यूम जोडून पाहिला. धूळ पुष्कळ कमी झाली, पण आवाजात भर पडली आणि दुपारी शेजाऱ्यांच्या विश्रांतीच्या वेळी काम बंद ठेवणे भाग पडले.

हाताच्या रंध्यातून लाकूड पापुद्र्याच्या रूपाने निघते. धार बरोबर असेल, तर तो पापुद्रा रंध्याच्या तोंडातून वेटोळे घेत वर येतो, वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरे पुसट दिसतात, आणि जिथे पडतो तिथेच राहतो. मागे उरणाऱ्या सागवानाला जी झळाळी असते, तिला बहुधा पॉलिश पेपर लावावासाही वाटत नाही.

अर्थात, धार बरोबर असेल तरच. सागवानात सिलिका असल्यामुळे पाते लवकर बोथट होते. पात्याचा उतार साधारण २५ अंशांचा आणि टोकाची धार ३० अंशांची ठेवावी लागते. पात्याची पाठ आधी दगडावर सपाट करून घ्यावी लागते, हे कळेपर्यंत माझे जवळपास दोन महिने गेले. शिवाय लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा चालवला, की तंतू उपटून येतात. ज्यांना आठवड्यातून एखादाच तास मिळतो, त्यांना हा काळ कंटाळवाणा वाटू शकतो, हे मी मान्य करतो. संखेड्याच्या लाखकामाच्या फर्निचरसारखे काही मनात असेल, तर त्याचे गोल पाय लेथवर कातावे लागतात आणि या दोन्ही संचांचा तिथे फारसा उपयोग नाही.

विजेच्या अवजारांपैकी ड्रिल मी ठेवले आहे आणि प्रत्येकाने ते ठेवावे. बाकी, स्वतंत्र बंगला किंवा मोकळी गच्ची असेल, तर विजेचा संच घेण्यास माझी हरकत नाही. फ्लॅटमध्ये मात्र आधी एक लोखंडी रंधा, बारीक दातांची करवत, दोन पटाश्या आणि धार लावण्याचा चांगला दगड घ्यावा. दगडावर पैसे वाचवू नयेत. जुने सागवान आणलेत, तर रंधा लावण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवून घ्यावे, कारण आत मोडून राहिलेला एकच खिळा पात्याला खाच पाडतो आणि ती काढण्यात पुरता रविवार जातो.