रायगड-अलिबागकडं नोकरी लागलेल्या आपल्याकडच्या लोकांनो, घर न बघता डिपॉझिट पाठवू नका (आमचे ८०,३५० गेले)

८०,३५० रुपये. सहा वेळा पाठवले आणि सहाही वेळा यूपीआयचा पिन आम्हीच टाकला, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे "पिन कामून टाकला" विचारणाऱ्यांचा टाइम वाचेल. भाड्याच्या घराचे फ्रॉड कसे असतात ते सगळ्यांना माहितीय, मलाबी माहिती होतं, फौजी म्हणून सांगणारा, क्यूआर कोड पाठवणारा, ते सगळं वाचलेलं. हा माणूस त्यातला नव्हता.

बायकोचं शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून सिलेक्शन झालं, रायगड झेडपी, शाळा अलिबाग तालुक्यात. आम्ही परभणीकडचे. आपल्याकडच्या कितीतरी पोरी-पोरांना कोकण मिळालंय, त्यांना कळेल की हजर व्हायची तारीख आली की कशी धावपळ होते. माझं इलेक्ट्रिकलचं दुकान, दोन लेकरं, मोठी चौथीत. घर बघायला जाऊन या म्हणणं सोपंय, नांदेड-पनवेल गाडीत रात्र काढायची, पनवेलहून एसटी, वडखळला ट्रॅफिकमधी बसायचं, आणि तिथं पोचल्यावर एजंट म्हणणार आज मालक नाही. तरी मी होमवर्क केलं होतं बरं का. अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी गाव काही फार मोठं नाही, पण मुंबईवाल्यांचं लाडकं. गेटवेवरून मांडव्याला बोट होतीच, २०२० पासून गाड्या घेऊन येणारी रो-रो, जानेवारी २०२४ ला अटल सेतू चालू झाला, त्यामुळं शनिवार-रविवारी पर्यटकाला फ्लॅट दिला की मालकाचं भागतं, महिन्याचा भाडेकरू त्याला कशाला पाहिजे. दिलं तरी मे महिन्यात खाली करा म्हणतात. म्हणून बीचजवळचं नको, तिथं रात्री दोनपर्यंत स्पीकर आणि बाटल्या, लेकरं घेऊन राहायचं तर जरा आत, चेंढरे, कुरुळ, वेश्वी असं बघा, हे बायकोच्या होणाऱ्या सहकारी मॅडमनीच सांगितलेलं. म्हणजे आम्ही काही आंधळ्यासारखं गेलो नव्हतो.

जाहिरात फेसबुकवरच्या भाड्याच्या घरांच्या एका ग्रुपवर होती. टू बीएचके, चेंढऱ्याच्या बाजूला, भाडं १४,०००, डिपॉझिट ५०,०००, "फक्त फॅमिली, बॅचलर व पर्यटक क्षमस्व". भाडं फुकटात वाटावं असं नव्हतं, तिथल्या मानानं थोडंच कमी, तिथंच तर मेख आहे. पाच-सात हजार लिहिलं असतं तर मी फोनच केला नसता.

फोन केला तर साहेबांनी आमचीच मुलाखत घेतली. किती माणसं? लेकरं किती वर्षांची? दारू-बिरू? पाहुणे किती येतात? बायको कुठं नोकरीला, ऑर्डर पाठवा. गाव कुठलं? परभणी म्हणल्यावर थोडा गप्प झाला, म्हणाला "मराठवाडा का, बरं, सोसायटीला विचारून सांगतो." दोन दिवस फोनच नाही! आणि आम्ही दोघं नवरा-बायको इकडं काळजीत, की लांबचे म्हणून नाकारतात की काय, आपली भाषा ऐकून नाकारलं की काय. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन, "वहिनी टीचर आहेत म्हणून कमिटी तयार झाली." बायकोनं देवाजवळ साखर ठेवली. त्यानं आम्हाला परीक्षेला बसवलं आणि आम्ही पास होण्याच्या नादात राहिलो, त्याला प्रश्न विचारायचा नंबर आमचा होता हे डोक्यातच आलं नाही. चांगले भाडेकरू आहोत हे सिद्ध करायला मी स्वतःहून आधार, पॅन, लग्नाचा फोटो, अण्णांच्या सातबाऱ्याचा फोटोसुद्धा पाठवला. सातबारा! भाड्याच्या घराला!

आणि पाणी. "पाणी रोज येतं" म्हणाला. ज्यांच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं, ज्यांनी २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येताना बघितलंय त्यांना हे वाक्य काय असतं ते पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही कळणार. बायकोनं तर भाडं परत विचारलंच नाही.

व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं, हॉल, किचन, बाल्कनी, बाल्कनीत वेताचा झोपाळा पिवळ्या गादीचा, खाली नारळ. पोरगी म्हणली माझा झोपाळा. स्वतःचा चेहरा दाखवला नाही, कॅमेरा पुढंच फिरवत राहिला, आता कळतंय की तो व्हिडिओ रेकॉर्ड केलेला असणार, मी "फॅन चालू करून दाखवा" म्हणलो तेव्हा "लाइट गेलीय" म्हणला. मी इलेक्ट्रिकलवाला माणूस, फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा दिवा चालू दिसत होता व्हिडिओत! दिसला मला. पण अलिबागला इन्व्हर्टर असतील म्हणून सोडून दिलं.

हिशोब लिहितो. टोकन ५,०००. मग डिपॉझिटचे अर्धे २५,०००. मग "दुसरी पार्टी पूर्ण द्यायला तयार आहे" म्हणून उरलेले २५,०००, हे अण्णांनी सोयाबीन विकून दिलेले, ४,८९२ हमीभाव असताना चार हजाराच्या आसपास विकलेलं. ॲग्रीमेंटचे ३,८५०. सोसायटीची एंट्री फी ७,५००. पहिल्या महिन्याचं भाडं १४,०००. त्यानंतर "तुमची एंट्री सिस्टीममधी अडकली, आणखी २०,००० टाका, लगेच रिफंड होतात" आलं तेव्हा मी थांबलो. थांबलो ते अक्कल आली म्हणून नाही, खात्यात नव्हतेच.

आता ती वेळ सांगतो, रोज रात्री डोळ्यासमोर येते. पहिले २५,००० टाकताना. दुकानात संध्याकाळची गर्दी, एक गिऱ्हाईक रेग्युलेटर परत करायला आलेलं, वादच घालायलेलं, एका हातात त्याचं रेग्युलेटर आणि दुसऱ्या हातात मोबाइल. नंबर टाकला, स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं. मालकाचं आडनाव त्यानं कोकणातलं सांगितलेलं आणि इथं नाव एका बाईचं, आडनाव आपल्या महाराष्ट्रातलं वाटतच नव्हतं. मी वाचलं. नीट वाचलं. व्हॉट्सॲपवर विचारलंसुद्धा, तर लगेच उत्तर, "सर माझं एनआरआय खातं आहे, त्यात भाडं घेतलं की टॅक्सचा लफडा, हे सोसायटीच्या अकाउंटंट मॅडमचं." आणि मला पटलं. पटणार नाही तर काय, आपल्याकडं कोण स्वतःच्याच खात्यावर पैसे घेतं? बियाण्याचे पैसे भावाच्या खात्यावर, ट्रॅक्टरचा हप्ता मेव्हण्याच्या खात्यावरून. ते नाव चार सेकंद स्क्रीनवर होतं आणि मी त्या गिऱ्हाइकाला "थांबा हो, दोन मिनिटं" म्हणून पिन टाकला. नाव जुळत नसेल तर कारण ऐकूच नका. कारण त्यांच्याकडं तयारच असतं.

ॲग्रीमेंटचं पण ऐका. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारलेली पीडीएफ पाठवली, तीन हजार आठशे पन्नास. नंतर एका वकील मित्रानं सांगितलं की महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, रजिस्टर करावंच लागतं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, जबाबदारी मालकाची, आणि त्याला दोघांचे अंगठे लागतात. तुमचा अंगठाच लागला नाही तर ते ॲग्रीमेंट कशाचं! आणि ११ महिन्यांचे १४,००० भाडं, ५०,००० डिपॉझिट धरलं तर स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्क्यानं चारशेच्या आसपास, रजिस्ट्रेशन फी शहरी भागात १,०००. बाकीचे कशाचे घेतले, शाईचे?

सामान टेम्पोत आधी न पाठवता आम्हीच बॅगा घेऊन गेलो, तेवढं तरी नशीब. बिल्डिंग खरी निघाली. वॉचमनला फ्लॅट नंबर सांगितला, त्यानं आधी आतून खुर्ची आणून बायकोला बसायला दिली, लेकरांना पाणी दिलं, आणि मग म्हणाला, "दादा, तुम्ही पण पैसे पाठवले का?" वर बघितलं तर तीच बाल्कनी, तोच वेताचा झोपाळा, त्याच्यावर कुणाचे तरी ओले टॉवेल वाळत घातलेले. फ्लॅट एका मुंबईच्या माणसाचा, दिवसाच्या भाड्यानं पर्यटकांना देतात, फोटो त्याच्याच जाहिरातीतले उचललेले. मालकाशी फोनवर बोललो, भला माणूस, पण तो तरी काय करणार. पोरीनं झोपाळ्याचं विचारलं, मी काही बोललो नाही.

खरा त्रास त्याच्यानंतर. तिथंच उभं राहून १९३० ला, सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, फोन लावला, लागेना, लागला तर ट्रान्झॅक्शनचा बारा आकडी नंबर मागितला, प्रत्येक पेमेंटचा वेगळा. हे नंबर आधीच लिहून ठेवा, फोनवर बोलत बोलत ॲपमधी शोधता येत नाहीत, घाईत मी एक चुकीचा सांगितला. शेवटचं पेमेंट होऊन चार दिवस झालेले, पैसे पहिल्या दिवशीच पुढच्या खात्यात आणि तिथून पुढं. ३,२१२ रुपये एका खात्यात होल्ड झाले. ८०,३५० पैकी ३,२१२. तेबी हातात नाहीत, कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. त्या ऑर्डरला वकील किती घेईल?

मग पोलीस. तिथल्या ठाण्यात म्हणाले पैसे परभणीतून गेले, तक्रार तिकडं द्या. गावी आलो, इथल्या ठाण्यात (कोणतं ते लिहीत नाही, उद्या परत तिथंच जायचंय) म्हणाले घर तिकडचं, फ्रॉड तिकडं झाला, तिकडं द्या. मी म्हणलं साहेब, नवीन कायद्यात, बीएनएसएस म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मधी, हद्द कुठलीबी असो गुन्ह्याची माहिती कुठल्याबी ठाण्यात घेता येते ना? तर साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, "वकील आहात का?" नाही म्हणलं, इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. "मग वायर जोडा." आजूबाजूचे हसले. बायको बाहेर बाकड्यावर बसलेली, तिला आतून एकानं विचारलं "मॅडम तुम्ही शिक्षिका ना? मग लेकरांना काय शिकवता?" ही त्यांची तपासाची पद्धत! चोराचा मोबाइल नंबर चालू होता त्यावेळी, त्यांच्या टेबलासमोर मी लावून दाखवला, रिंग गेली, त्यानं कट केला. लोकेशन काढा म्हणलं तर "ते असं निघत नसतं". आधी नुसता अर्ज घेतला, पोच मागितली तर सही नाही, शिक्का नाही, शिक्का असलेला हवालदार जेवायला गेलेला. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी उठलो आणि नंतर त्यांनी अर्ज सापडत नाही म्हणलं. शेवटी ओळखीच्या एका माणसानं फोन केला तेव्हा कुठं ३१८(४), फसवणुकीचं कलम, लागलं. म्हणजे ज्याची ओळख नाही त्यानं काय करायचं? ऑनलाइन पोर्टलवर केलेली तक्रार बघितली तर स्टेटस "अंडर प्रोसेस", आणि बघावं तेव्हा तेच.

बँकेत तर वेगळंच. मॅनेजर म्हणाले आरबीआयचं २०१७ चं सर्क्युलर आहे, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर भरपाई मिळते, पण ते तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर. तुम्ही स्वतः पाठवले. बरोबरच आहे, नियम बरोबर आहे, पण ज्या बँकेनं त्या बाईचं खातं उघडलं, तिचं केवायसी कुणी केलं हो? आम्हाला दहा हजार काढताना सही जुळत नाही म्हणून परत पाठवता, आणि त्या खात्यात दिवसभर लोकांचे डिपॉझिट पडतात आणि निघतात ते कुणाला दिसत नाही?

लोक म्हणतात लाइट बिल मागायचं होतं. मागितलं होतं, फोटो आला, नाव मालकाचंच, एडिट केलेलं. फोटो घेऊ नका, ग्राहक क्रमांक घ्या आणि महावितरणच्या साइटवर तुम्ही स्वतः टाकून बघा. आणि तिकडं ओळखीचं कुणी नसेल तरी आपल्या भागातले शिक्षक, ग्रामसेवक, नर्स अख्ख्या रायगडात भरलेत, त्यांना एक फोन करा, पाच मिनिटांसाठी जाऊन दार वाजवून या म्हणा, लाज धरू नका. आम्हाला वाटलं कशाला कुणाला त्रास.

आता राहतोय एका खोलीत, वर पत्रा, ८,५०० भाडं, शाळेतल्या मॅडमच्या ओळखीनं मिळाली. पाणी येतं, रोज येतं, ते खोटं नव्हतं.

काल परत तीच जाहिरात दिसली, नाव वेगळं, नंबर वेगळा, डिपॉझिट आता ६०,०००. कुणाला पिवळ्या गादीचा वेताचा झोपाळा असलेला अलिबागचा फ्लॅट दिसला तर पैसे तर पाठवूच नका, मला स्क्रीनशॉट आणि तो नंबर पाठवा. ठाण्यातले साहेब म्हणाले नवीन काही असेल तरच या.