पुराचं पाणी न प्यायलेला कॅमेरा : याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन, नऊ महिन्यांनंतर

सांगलीत जुना कॅमेरा बघायला गेले की मी आता सगळ्यात आधी एकच विचारते. एकोणीसच्या पुरात हा कुठल्या मजल्यावर होता?

हे शहाणपण पहिल्याच फेरीत आलं. रेंजफाइंडर, म्हणजे आरसा नसलेला रोलचा जुना कॅमेरा, घ्यायचा असं ठरवल्यावर पहिला नग बघितला तो गावभागात, एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटात. मालक म्हणाले, "तीन हजार द्या आणि घेऊन जावा की ताई, मशीन एक नंबर हाय." वरून खरंच चकचकीत होता. मागचं झाकण उघडलं, शटर 'बी' वर, म्हणजे बटण सोडेपर्यंत उघडं राहील असं, दाबून धरलं आणि लेन्स खिडकीच्या उजेडात धरली. काचेच्या कडेनं कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आणि शटरच्या पात्यांवर गंजाची तपकिरी रेघ. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. त्यात २००५ चा पूर वेगळा, २०२१ चा वेगळा. ते कपाट किती पाणी प्यालं असेल ते त्यालाच ठाऊक. चहा पिऊन, नको म्हणून परत आले.

माझं बजेट दहा हजार. त्यात कॅमेरा, पट्टा, सेल, पहिले दोन रोल, सगळं. मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, त्यामुळे यापुढे एक रुपया सरकवायची ताकद नव्हती. मोबाईलमध्ये आठ हजार फोटो पडून होते आणि त्यातला एकही मी परत उघडून बघत नव्हते. मामाकडे पूर्वी आग्फाचा क्लिक थ्री होता. तो काढला की अख्खं घर केस विंचरून, श्वास रोखून उभं राहायचं. तेवढं गांभीर्य मला हवं होतं, पण ३५ एमएमच्या रोलवर.

रेंजफाइंडरच का, हे प्रामाणिकपणे सांगते, कारण दहा हजारांत जुना एसएलआर घेणं जास्त शहाणपणाचं आहे. लेन्समधून दिसतं तेच रोलवर येतं, दुरुस्ती सोपी, पर्यायही भरपूर. माझं कारण एकच होतं. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तिथं मी लहानपणापासून जाते. गवई षड्ज लावून बसलेला असताना शेजारच्याचा एसएलआर 'खटॅक' वाजला की लोक कसे वळून बघतात ते मी पाहिलंय. एसएलआरमध्ये आरसा उचलला जातो त्याचा तो आवाज. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नसतो. बाजूच्या वेगळ्या खिडकीतून बघायचं, मधल्या पिवळसर ठिपक्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, लेन्सची रिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवायच्या. बसल्या की फोकस झाला.

मग तीन नावांवर गाडी अडली.

पहिलं झोर्की ४. रशियन, स्वस्त, त्यावर एम३९, म्हणजे ३९ एमएमच्या आट्यांची, लेन्स बसते आणि पुढेमागे बदलताही येते. सोबत येणारी ज्युपिटर ८, म्हणजे ५० एमएम एफ २, मला फोटोंत फार आवडली होती. पण उजेड मोजणारं लाइटमीटर नाही. शिवाय शटरचा वेग बदलायचा तो रोल पुढे सरकवून शटर चढवल्यानंतरच, आधी बदललात तर आतली यंत्रणा बिघडू शकते. आणि शटरचा पडदा कापडाचा. आरसा नसल्यामुळे झाकण न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून राहिला तर लेन्स भिंगासारखी काम करते आणि त्या कापडाला भोक पडतं. मी वस्तू कशा ठेवते हे मला माहीत आहे. झोर्की बाद.

दुसरं कॅनोनेट क्यूएल१७ जी३. १९७२ चं मॉडेल, ४० एमएम एफ १.७, लहानखुरा आणि देखणा. ज्या किमतीला तो दिसत होता तेवढ्यात माझं सगळं बजेट संपून वर उधारी झाली असती. विषय संपला.

तिसरी याशिका. पहिला इलेक्ट्रो ३५ आला १९६६ ला, जीएसएन हे त्याचं १९७३ चं रूप. ४५ एमएम एफ १.७ लेन्स, आणि मीटर आतच. तुम्ही फक्त अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं तो एफचा आकडा, ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. मला पुण्याहून एका माणसाकडून कुरिअरनं साडेसहा हजारांना मिळाली. पैसे पाठवण्याआधी त्यांना मी तीन गोष्टी व्हिडिओवर करून दाखवायला लावल्या आणि आज कोणी विचारलं तर त्याच तीन सांगेन.

एक, रोल पुढे सरकवायचा चाप ओढताना शेवटाकडे आतून 'टक्' असा जाड आवाज आला पाहिजे. या मॉडेलमध्ये आत एक रबराची छोटी गादी असते. पन्नास वर्षांत ती विरघळते, आवाज जातो आणि एक्स्पोजर बिघडायला लागतं. दोन, सेल घालून मीटरच्या डोळ्यावर बोट ठेवलं आणि बटण अर्धं दाबलं की पिवळा दिवा (उजेड कमी), आणि एफ १.७ ठेवून बाहेरच्या उन्हाकडे वळवलं की लाल दिवा (उजेड जास्त) लागला पाहिजे. तीन, लांबच्या मनोऱ्याकडे बघून अनंतावर फोकस ठेवला तर ठिपक्यातल्या दोन प्रतिमा एक व्हायला हव्यात. वरखाली सरकलेल्या असतील तर कॅमेरा कधीतरी पडलाय. चौथी गोष्ट पुराची, पण ते गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर राहत होते.

आल्या आल्या पहिली अडचण सेलची. हा कॅमेरा ५.६ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा आणि पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत. मी हरभट रोडवर घड्याळाच्या दुकानातून चार एलआर४४ बटण सेल आणले, एकावर एक रचले, पुठ्ठ्यात गुंडाळले आणि उरलेली जागा बॉलपेनच्या स्प्रिंगनं भरली. होतात ६ व्होल्ट. त्या ०.४ नं माझ्या फोटोंत दिसण्यासारखा काही फरक पडला नाही. मागचं बटण दाबल्यावर आकड्याच्या खिडकीत हिरवा उजेड पडला तेव्हा आई म्हणाली, "पेटला बाई एकदाचा."

दुसरी अडचण, मागच्या झाकणाच्या कडेचा, उजेड अडवणारा फोम. डांबरासारखा चिकट झाला होता. स्पिरिटनं खरवडून काढला आणि त्या जागी काळी मखमल चिकटवली. खर्च चाळीस रुपये आणि एक रविवार.

तिसरी मात्र माझ्या हातची नव्हती. दिवे मधेच लागायचे, मधेच नाही. मिरजेतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेला. त्यांनी चष्म्यावर भिंग चढवलं, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "पोरी, हे घड्याळ न्हाई." मग सेलच्या खोबणीत बघून, "पण गंज गंजच असतोय की," असं म्हणत आतली पत्र्याची पट्टी घासून दिली. पन्नास रुपये घेतले, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डवर अर्धा तास बोलले. दिवे तेव्हापासून नीट आहेत.

आता वापराचं. नऊ महिन्यांत चौदा रोल झाले, त्यातले अकरा काळेपांढरे.

जिथं हा कॅमेरा पैसे वसूल करतो ती जागा म्हणजे मिरजेतली सतारमेकर गल्ली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्लीतला उजेड आहे तेवढाच आहे. एक दार, एक बल्ब, भिंतीला टांगलेले भोपळे, आणि कारागीर मांडी घालून सतारीचे पडदे बांधत बसलेला. ४०० आयएसओचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा रोल, एफ १.७, तरी पिवळा दिवा हटत नाही. पिवळा म्हणजे वेग १/३० पेक्षा कमी, हात हलला तर फोटो गेला. पण कोपर गुडघ्यावर टेकवून, श्वास सोडून दाबलं तर आरशाचा धक्का नसल्यामुळे निम्म्याहून जास्त फ्रेम धारदार निघाल्या. शटरचा आवाज इतका बारीक की एका कारागिरानं विचारलं, "काढला का न्हाई अजून?" काढून तीन झाले होते.

उरुसाच्या सभेतही तेच. तिसऱ्या रांगेत बसून बारा फ्रेम काढल्या, एकानंही मागं वळून पाहिलं नाही.

आता तक्रारी. शटरचा वेग आपल्या हाताने ठरवता येत नाही आणि कॅमेऱ्यानं कोणता ठरवला तेही तो सांगत नाही, फक्त लाल किंवा पिवळा. शिकायच्या दृष्टीनं हे मला सुरुवातीला आडवं आलं. सांगलीच्या मार्च-एप्रिलच्या दुपारी ४०० चा रोल घातला तर एफ १६ सोडून सगळीकडे लाल दिवा, कारण १/५०० च्या पुढे हा जात नाही. म्हणजे मागची पार्श्वभूमी पुसट वगैरे हौस संध्याकाळी करायची. आकाश मोठं असेल तर मीटर फसतं. आयर्विन पुलावर सकाळी दूधवाल्यांचे फोटो काढले, माणसं सगळी कोळशासारखी. आता माणसांच्या पाठीमागून उजेड असला की आयएसओची चकती ४०० वरून २०० वर आणते, परत आणायला विसरते ते वेगळं. ८० सेंटीमीटरपेक्षा जवळचं काही फोकस होत नाही, म्हणजे बोटं आणि तारा यांचा जवळून फोटो विसरायचा. वजन पाऊण किलोच्या आसपास. दिवसभर गळ्यात असला की मान बोलते. बटणाभोवतीची कडी फिरवून लॉक केली नाही तर बॅगेत बटण दाबलं जातं आणि सेल उतरतात. सेल मेले तरी शटर उडतं, पण कायम १/५०० नं.

आणि झाकण. हे सगळ्यात लागलं म्हणून वेगळं सांगते. हरिपूरला संगमेश्वराकडे गेले होते, कृष्णा-वारणेच्या संगमावर धुकं, पलीकडून एक होडी येत होती. नऊ फ्रेम काढल्या. खिडकीतून सगळं स्वच्छ दिसत होतं, मीटरनंही तक्रार केली नाही, कारण त्याचा डोळा लेन्सच्या बाहेर वर असतो. लेन्सला झाकण तसंच होतं. एसएलआर असता तर काळं दिसलं असतं. नऊ फ्रेम म्हणजे माझ्या हिशेबानं तीनशेच्या आसपास रुपये, आणि ती होडी. झाकण त्याच दिवशी घरी ठेवलं, आता लेन्सला ५५ एमएमचा पिवळा फिल्टर कायमचा चढवलाय. तिथंही तीच भानगड, मीटरला फिल्टर दिसत नाही, म्हणून चकती एक घर खाली ठेवायची. फायदा असा की मार्केट यार्डात हळदीचे ढीग काढले ते करड्या चिखलासारखे न येता उजळ आले. हळदीच्या गावात काळापांढरा रोल घालून फिरते म्हणून भाऊ अजून हसतो.

खर्चाचं खरं दुखणं कॅमेऱ्याचं नाहीच. तो एकदा खिसा कापतो, रोल दर महिन्याला कापतो. ३६ फोटोंचा काळापांढरा रोल मला हजाराच्या आसपास पडला. धुण्याचा खर्च धरून एका फोटोला तीसपस्तीस रुपये. एक वडापाव आणि वर चहा. रंगीत रोल बाहेरगावी धुवायला पाठवला तेव्हा एका लॅबकडून पूर्ण लांबीची ओरखड्याची रेघ घेऊन परत आला, विचारलं तर म्हणाले कॅमेऱ्यातलीच आहे. नंतरच्या एकाही रोलवर ती रेघ नाही.

काळेपांढरे मात्र मी घरीच धुते. हे मला नोकरीमुळे सोपं गेलं. मोजपात्र, थर्मामीटर आणि सेकंद मोजत उभं राहणं हेच तर दिवसभर करते. एचपी५ या काळ्यापांढऱ्या रोलला डी-७६ या धुण्याच्या रसायनात २० अंशाला साडेसात मिनिटं. अडचण त्या २० अंशांची. एप्रिलमध्ये आमच्या नळाला तिशीचं पाणी येतं, तेवढ्या गरम पाण्यात वेळ इतका कमी होतो की निगेटिव्ह एकसारखी धुतली जात नाही. परातीत बर्फ घालून त्यात बाटल्या उभ्या करायच्या, आणि आईला सांगायचं की हे सरबत नाही. निगेटिव्हचे फोटो मोबाईलनंच काढते, खाली पांढरा उजेड ठेवून. म्हणजे शेवटी मोबाईलमध्येच आलं, हे मला कळतं. पण यातली प्रत्येक फ्रेम मी किमान चार वेळा बघितलेली आहे.

कुणी घ्यावा? ज्याला ठरावीक बजेटात उजेडाचा अंदाज शिकायचाय आणि रोल वायाही घालवायचे नाहीत, त्यानं. ज्याला प्रत्येक गोष्ट आपल्या हातानंच ठरवायची आहे, त्यानं पैसे वाचवून झोर्की घ्यावा आणि वर झाकण लावायची सवय. मला दुसऱ्यांदा निवडायला सांगितलं तर मी हाच घेईन, फक्त बजेट उलटं मांडीन: आधी सहा रोलचे पैसे बाजूला, उरतील त्यात कॅमेरा.

पावसाळ्यात तो पोह्यांच्या हवाबंद डब्यात राहतो, लॅबमधून आणलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. दर रविवारी काढून दहावीस वेळा शटर उडवते, लेन्स उजेडात धरून बघते. मागच्या आठवड्यात कोयनेतून विसर्ग वाढवला म्हणून घरात आवराआवर सुरू झाली. आईनं गव्हाचं पोतं वर न्यायला सांगितलं. मी पोत्याच्या आधी डबा नेला. तिनं बघितलं, काही बोलली नाही.